ओर्सोलाची टपरी

व्हेनिसची चित्रं व्हेनिसच्या माणसानं कधी विकत घेतली नाहीत. खिडकी उघडली की फुकट दिसतं ते भिंतीवर टांगायची हौस इंग्रज उमरावांना. देश बघायला यायचे आणि जाताना कालवे, घंटाघरं, नावा सगळं गुंडाळून न्यायचे. सिओर झुस्तोंच्या चित्रशाळेत इमारती ते, म्हणजे मालक, स्वतः काढायचे. बारकी माणसं हाताखालच्या बोर्तोलोकडे: नावाडी, पाद्री, मुखवटे घातलेल्या बायका, आणि कुत्री. तीस वर्षं कुत्री काढूनही मालक विचारायचे, "बोर्तोलो, ही शेळी का रे?"

धक्क्यावर, पुलाच्या पायथ्याशी, त्याच्या बायकोची भोपळ्याच्या भज्यांची टपरी होती. चित्रात मात्र तिथं स्वच्छ फरशी. धूर नको, तेलकट फळकुटं नकोत, असा मालकांचा हुकूमच होता. ओर्सोला कमरेवर हात ठेवून म्हणायची, "गावातली कुत्री घालतोस मेल्या, आणि बायकोला तेवढी जागा नाही?"

"घातली असती गं. पण तू गप्प उभी राहशील का?"

ती झारा उगारायची, आणि घाण्यातलं पहिलं भजं त्याच्याच हातावर ठेवायची. काय दिवस होते ते!

दोन हिवाळ्यांपूर्वी ओर्सोला तापानं गेली. टपरी कुणीतरी मोडून सरपणाला नेली. हल्ली तिचा चेहरा आठवायला बोर्तोलोला डोळे मिटावे लागत, आणि याची त्याला भीती वाटे. मग त्यानं एक ठरवलं. चित्रशाळेची रीत अशी, की बिघडलेलं चित्र विकायचं नाही, बिघडवणाऱ्यानं ते आपल्या घरी न्यायचं.

मालक महिनाभर पादोव्याला गेले, त्याच दिवशी त्यानं एका तयार चित्रात टपरी काढली. धूर काढला, कढई काढली, आणि झारा उगारलेली बोटभर ओर्सोला काढली. इतकं जिवंत माणूस त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

मालक परत आले, बघतच राहिले. "हे काय करून ठेवलंस?"

"चुकलं, मालक. घरी नेतो." एवढ्या आनंदानं चूक त्यानं जन्मात कबूल केली नव्हती.

तेवढ्यात गिऱ्हाईकच दारात. म्हातारा उमराव चित्रापुढे वाकला आणि मोठ्यानं हसला. "अहो, हीच ती बाई! तरुणपणी आलो होतो तेव्हा हिनं भर धक्क्यावर मला झापलं होतं, भजं खाली टाकलं म्हणून! हेच चित्र द्या. उद्याच बांधा."

बोर्तोलोला हसावं की रडावं कळेना. ओर्सोलाची आठवण असलेला एक माणूस भेटला, आणि तोच तिला समुद्रापार घेऊन निघाला होता. ती दुसऱ्यांदा जाणार होती.

"रंग ओला आहे, सरकार," तो कसाबसा म्हणाला.

मालकांनी चित्राला बोट लावलं. रंग कधीच वाळला होता. त्यांनी बोट बघितलं, मग बोर्तोलोकडे बघितलं.

"ओला आहे खरा," ते उमरावाला म्हणाले. "वर्षभर तरी जहाजावर चढवता यायचं नाही. नंतर पाठवू." आणि मान वळवून म्हणाले, "इथं धूळ फार बसते, बोर्तोलो. तोवर तुझ्या घरी ठेव."