आपाचा सर्व्हर पुसताना

कुवेतमध्ये माझ्या नवऱ्याला सगळे 'मुहन्दिस' म्हणतात, म्हणजे इंजिनीअर. न्हावी म्हणतो, किराणावाला म्हणतो, सलवा भागातल्या आमच्या इमारतीचा रखवालदारही म्हणतो. मी मदाम. लग्नाआधी पुण्यात मी एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळत होते, हे इथे सहसा कोणाला सांगायचा प्रसंगच येत नाही. मदाम काय करतात, तर मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवतात आणि भेंडी निवडून आणतात. त्यामुळे आपाचा फोन आला तेव्हा मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि ती तशीच अर्धी कच्ची टाकून टॅक्सीत बसले.

आपा मूळची रत्नागिरीकडची, माझं जुनं काम इथे ठाऊक असलेली एकटीच मैत्रीण. हवल्ली भागात तिचा फोटो स्टुडिओ होता, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ता लागू नये असा. काचेत एकही फोटो नाही, पाटीवर एकही चेहरा नाही. ती लग्नाच्या हॉलमध्ये बायकांच्या बाजूचे फोटो काढायची. तिथे पुरुषांना मज्जाव असतो, म्हणून बायका केस मोकळे सोडून मनसोक्त नाचतात, आणि ते फोटो घरच्या बायकांखेरीज कोणी पाहायचे नसतात. आता आपा कायमची गावी निघाली होती. फोटो साठवायचा चार डिस्कचा सर्व्हर तिने एका दुकानदाराला विकला होता. तो परवा न्यायला येणार होता. आणि प्रत्येक नवरीच्या आईला तिने शब्द दिला होता, की मी जाईन तेव्हा मागे एकही फोटो उरणार नाही.

"दुकानवाला बोलतो, मागच्या भोकात टाचणी घाल, रिसेट होतंय," मी स्टुडिओत पोचताच ती म्हणाली. "पण माझं मन मानत नाय गो बाय. आणि पुरुषमाणसाला त्या स्क्रीनसमोर बसवू कशी?"

मी तिच्याच ओढणीची टाचणी मागितली. ती भोकात घालून धरली, बीप वाजला, दिवे विझून पुन्हा लागले.

"झालं?" आपाने विचारलं.

"बघूया," मी म्हटलं. पासवर्ड कोरा झाला होता, सेटिंग्ज गेल्या होत्या, आणि फोल्डर मात्र सगळे जागच्या जागी होते. दारावरची पाटी काढावी आणि घरातलं सामान तसंच राहावं, तसं. हे तिला पटावं म्हणून मी हाताला लागला तो एक फोटो उघडला. स्क्रीनभर एक नवरी आली. पुढच्याच क्षणाला आपाने डोक्यावरची ओढणी ओढून स्क्रीनवर टाकली, आणि आम्ही दोघी बंद दाराकडे पाहत राहिलो.

"माझा शब्द गेला असता," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तिचा चेहरा उतरला होता आणि मला मात्र लाज वाटावी इतका आनंद झाला होता. म्हणजे खरं काम अजून व्हायचं होतं, आणि ते मला येत होतं. डिस्क नीट पुसायची तर तिच्यावरच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहावं लागतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटं आपोआप चालत होती. इतक्या वर्षांत पोळ्या लाटूनही ती काही विसरली नव्हती. शेवटी स्क्रीनवर प्रश्न आला, सगळं कायमचं जाईल, नक्की?

"आपा, एखादा ठेवूया का?" मी विचारलं. "तुझ्या हातचा, आठवणीला?"

"एक ठेवला तरी ठेवलाच ना," ती म्हणाली आणि बटण तिने स्वतः दाबलं.

मग चारही दिवे लुकलुकायला लागले. आपाने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. मी जेवता जेवता तिला डिस्क आतून कशी फिरते ते सांगत होते, तिने विचारलं नसताना. काम रात्रभर चालणार होतं, म्हणून मी घरी आले. सकाळी नवऱ्याला सांगितलं, आज डबा नाही, बाहेर खा. त्याने कारण विचारलं तर "कामावर जायचंय" म्हणाले. म्हणायला इतकं छान वाटलं की दारातून परत फिरून पुन्हा एकदा म्हणाले.

हवल्लीत पोचले तर तीन दिवे हिरवे आणि एक लाल. एक डिस्क मध्येच खराब झाली होती. जिथे ती खराब, तिथे शून्य लिहिलं गेलं नव्हतं, आणि तिथे कोणाचा चेहरा उरला असेल ते सांगता येत नव्हतं. आपाचे ओठ हलायला लागले, बहुतेक ती दुआ म्हणत होती. मी खाली जाऊन तिथल्या रखवालदाराकडे ड्रिल मागितलं.

"मदाम, किसी मुहन्दिस को बुलाऊँ?" त्याने विचारलं.

"मुहन्दिस मैं हूँ," मी म्हटलं आणि ड्रिल घेऊन जिना चढले. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर नव्हता.

डिस्क फळीवर ठोकून बसवली आणि आरपार भोकं पाडली. पातळ चकचकीत कीस फरशीभर उडाला. गरजेपेक्षा जास्तच पाडली असतील, पण थांबवेना. मग उरलेल्या तिन्ही डिस्क स्क्रीनवर उघडून तपासल्या. शून्य, शून्य, शून्य, पानामागून पान. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

आपाने चष्मा लावून वाकून पाहिलं. "कायपण नाय?"

"कायपण नाही."

तिने फोन उचलला, एकेका आईला निरोप धाडला. अरबी मला फारसं कळत नाही, पण प्रत्येक निरोपात 'खलास' होतं. मग फोन ठेवून ती बराच वेळ त्या शून्यांकडे बघत बसली.

"बाय," ती म्हणाली, "तो एक फोटो तू पाहिलास ना?"

मला वाटलं आता रागावणार. "पाहिला. क्षणभरच."

"कसा होता गो?"

तिचे फोटो घरोघरच्या कपाटांत कुलपाआड गेले होते. तिच्या नवऱ्याने, मुलांनी, कोणीच कधी पाहिले नव्हते. बाहेरच्यांपैकी पाहणारी मी एकटीच. क्षणभरात एवढं कसं दिसलं ठाऊक नाही, पण दिसलं होतं, आणि मी भराभर सांगत सुटले. नवरी मान मागे टाकून हसतेय, आई वाकून तिच्या केसांत पिन खोचतेय, आणखी दोन पिना तोंडात धरल्यात, आणि उजेड एवढाच, आईच्या हातांवर.

"डावीकडून ना उजेड?" तिने डोळे मिटून विचारलं.

"डावीकडून."

"आरशावरचा दिवा. बाकीचे मी बंद करायला लावलेले." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "परत सांग."