स्वखुशी कोणी लिहिली?

भाव करताना मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. तोंड ‘लास्ट प्राइस’ म्हणत असतं आणि हात गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून पुढचा तागा उलगडत असतो. मीरा रोडच्या फुटपाथवर गाऊन विकत मी उभी राहिले, मग गाळा घेतला, चाळिशीनंतर दहावी झाले, बाहेरून बीए केलं. आता शनिवारी दुपारी गाळा बंद ठेवून गोडदेवमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात बायकांना वाचायला शिकवते.

अक्षरं बहुतेकींना येतात. त्यापुढचं शिकवायचं असतं. हे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षणात त्याला ‘चिकित्सक साक्षरता’ म्हणाले. मी तीन दिवस ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, हे तर मी बाजारात रोज करते. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: कोण बोलतंय? कोणाच्या फायद्याचं? काय सांगायचं राहिलंय?

पहिल्याच दिवशी एका नव्या टॉवरची जाहिरात वाचायला दिली. ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.’

खारी गावातली एक मावशी आमच्यात सगळ्यात वयस्क. ती म्हणाली, “कशानं? इमानानं? रस्ता तर अजून न्हाय.”

वर्ग इतका हसला की वॉचमन डोकावून गेला. मला तर गाळ्याच्या पहिल्या बोहनीला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

मग तो शनिवार आला. घरोघरी पोळ्या करणारी एक बाई आमच्याकडे येते, माहेर रायगडचं. ती आत येताच म्हणाली, “बाई, आज जाहिरात नको. हे वाचू.” भावाने मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला होता. सोमवारी तालुक्याला सहीला ये, एवढाच निरोप. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढून आणली होती.

मी पहिली ओळ पाहिली आणि कानशिलं तापली. हक्कसोडपत्र, तिच्या वडिलांच्या मागे राहिलेल्या घराचं.

माझंही असंच झालं होतं. बाबा गेल्यावर भावांनी बोलावलं, वहिनीने पुरणपोळी वाढली, हिरवी साडी दिली आणि कागद पुढे केला. मला वाचता येत नव्हतं असं नाही. सातवी पास होते. अक्षरन् अक्षर वाचलं आणि सही केली. फुटपाथवर पाच रुपयांसाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडणारी मी, त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाही. ते अजून सलतं. भावांशी मी आजही बोलत नाही.

तर पोळीवाली उभी राहून वाचायला लागली. “मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी माझा हक्क सोडत आहे...” ती थांबली. फळ्याकडे बघितलं. “बाई, यात ‘मी’ म्हणजे मी ना? मग मी बोलायच्या आधीच हे कोणी लिहिलं? माझी खुशी त्यांना कळली कधी?”

मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “बरोब्बर! सही करायची नाही! अर्धा हिस्सा माग! आत्ता फोन लाव, मी बोलते त्याच्याशी!”

“बाई, थांबा. अजून तिसरा प्रश्न राहिलाय.”

तिने कागद पुन्हा वरपासून वाचला, बोट ठेवून. खाली सह्यांची जागा होती. एक तिची आणि एक तिच्या आईची. आईही हक्क सोडणार होती.

“आई राहणार कुठे?” ती म्हणाली. “ते लिहिलंच नाही. हेच राहिलंय.”

मला ते दिसलंच नव्हतं. एवढी व्यवहाराची पक्की मी, पण मी त्या कागदात माझा जुना कागद शोधत होते.

तरी माझा हट्ट सुटेना. “अगं, हिस्सा असा फुकट सोडतात का?”

“मला हिस्सा नको. आईला खोली हवी. बाई, राग नका मानू, पण हा कागद आता कोण वाचतंय? तुम्ही की तुमचा राग?”

मावशी खुदकन हसली. “घ्या बाई! तुमचंच औषध तुमाला!”

मी खाली बसले. चिडलेही होते आणि नाचावंसंही वाटत होतं.

पोळीवालीने स्पीकरवर फोन लावला. भाऊ गोड बोलला. “अगं, नुसती सही तर आहे. साडी आणून ठेवलीय, सकाळीच जेवायला ये.”

“साडी राहू दे, दादा. आई कुठल्या खोलीत राहणार ते कागदात लिही.”

“आईला काय आम्ही बाहेर काढणार आहोत?”

“नाही ना? मग लिहायला काय जातंय?”

तीस वर्षं बाजारात काढली, पण इतका अचूक भाव कोणी केलेला ऐकला नव्हता. शेवटी भाऊ म्हणाला, “वकिलाला विचारतो.”

“विचार. तोवर मी येत नाही. आईला पण सही करू नको म्हणून सांगितलंय असं समज.”

फोन ठेवून ती पदराने कपाळ पुसायला लागली. मावशीने तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुमचा कागदबी आणा कदी तरी. सगळ्या मिळून वाचू.” मी फळा पुसायला उठले, पण ते तीन प्रश्न काही पुसवले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसले. पोळीवाली धापा टाकत आली, हातात भावाने पाठवलेल्या नव्या कागदाची प्रिंट. एक ओळ वाढली होती: ‘आई हयातभर घराच्या मागील खोलीत राहील.’

आम्ही टाळ्या वाजवल्या. ती मात्र हसली नाही. कागदावर वाकून म्हणाली, “बाई, पेन द्या. मागे खोली नाही, गोठा आहे.”

तिने ‘मागील’वर काट मारली आणि वर सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं: विहिरीकडच्या, खिडकीवाल्या.