दातात धरलेलं सूत

मी आमच्या गावचा पहिला बी.ए. म्हणून तळ्याकाठचा एक म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार, चांद्याच्या दवाखान्यात जाताना मला सोबत घेऊन गेला. घरी त्याचं कोणी उरलं नव्हतं. दिवसभर तो एकटाच जाळं विणत बसे, सुताचं टोक दातात धरून स्वतःशीच बोले.

डॉक्टरांनी त्याच्या गालातली गाठ तपासली आणि मला इंग्रजीत सांगितलं, "कॅन्सर आहे. त्यांना सांगू नका." मीही ऐटीत इंग्रजीतच 'हो' म्हटलं.

"काऊन बाबू, इंग्रजीत का बोलून राह्यले? तोंड माहं हाये. मले सांगा नं!"

डॉक्टर ओशाळले. खुर्ची त्याच्यासमोर ओढून त्यांनी सगळं मराठीत सांगितलं. नागपूरला एका बाजूचा जबडा काढला तर काही वर्षं मिळतील, कदाचित. नाही काढला तर काही महिने.

"मंग सूत कायनं धरू?"

डॉक्टरांना कळेना. त्यानं कमरेला खोचलेलं जाळ्याचं सूत काढलं, दातात धरलं आणि गाठ मारून दाखवली.

"हे नाही जमायचं," डॉक्टर हळूच म्हणाले. "घाई नाही. घरच्यांना विचारून ठरवा."

तो माझ्याकडे वळला. "सांग बाबू."

"मी काय सांगणार?"

"घरचा मनूनच तं आणलो तुले."

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहू लागलो. मग तोच डॉक्टरांना म्हणाला, "काढा, साहेब. सूत पायाच्या आंगठ्यात धरीन."

नागपूरला पाठवायच्या, त्याचा अंगठा घेतलेल्या कागदावर सोबत्याचं नातं लिहायचं होतं. मी 'शेजारी' लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, याचं तेव्हा मला बरं वाटलं.