दर दिवाळीचं नवं फोल्डर

रविता माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. तिरोड्याकडची पोवाराची पोर, इंजिनीअर. गोंदियात राईस मिलवाल्यांना संगणकाचे प्रोग्राम करून देणाऱ्या दुर्गाप्रसाद सेठजींच्या ऑफिसात कामाला आहे. भित्री मुळीच नाही. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत ती पांढरीफटक होऊन घराच्या जिन्यात बसलेली दिसली, तेव्हा मीच घाबरले.

"अशी काऊन बसली वं?"

"काकू, सेठजीले सांगितलं सगळं आलं म्हणून. नाही आलं."

नीट बोल म्हटलं, तेव्हा कळलं. प्रोग्रामात कोणी, कधी, कशासाठी बदल केला याचा सगळा इतिहास एसव्हीएन नावाच्या जुन्या व्यवस्थेत होता. तो रविताने गिट या नव्या व्यवस्थेत आणला. कुठे अडलं नाही, म्हणून तिने होकार दिला आणि तिचा सहकारी उमेंद्र एसव्हीएन असलेल्या जुन्या संगणकातलं सगळं पुसून टाकायला बसला. ती जेवायला घरी आली, तेवढ्यात एका मिलने फोनवर विचारलं, धानाच्या ओलाव्यापोटी वजनातली कपात आधी कशी धरत होता? तिने लॅपटॉपवर गिट उघडलं, तर इतिहास गेल्या लक्ष्मीपूजनापासूनच. त्याआधी काहीच नाही.

सेठजींचा रिवाज! दिवाळीला नवी वही, तसं नवं फोल्डर. सगळा प्रोग्राम उचलून त्यात डकवायचा, हळदकुंकू वाहायचं. हिने फक्त शेवटचं फोल्डर आणलं होतं; आधीच्या वर्षांचे बदल जुन्या फोल्डरांतच राहिले.

"मग इथे कायले बसली? उमेंद्रला फोन कर!"

"उचलून नाही राहिला. आणि काकू, नोकरी जाईल."

"तो तिकडे पुसून राहिला, त्याचं काय?"

तिला स्कूटीवर मागे बसवून मीच नेलं.

ऑफिसात शिरताच ती ओरडली, "उमेंद्रभाऊ, थांबा!"

"काऊन? तूच त हो म्हणाली. डी ड्राइव्ह पुसून झाला, आता ई."

रविताला आठवेचना, जुनी फोल्डरं डीवर होती की ईवर? शेवटी उमेंद्रनेच ई उघडला. सगळ्या दिवाळ्या तिथे होत्या.

सेठजी मागे उभे. "तू तो बोली थी, सब आ गया!"

"एरर नाही आला म्हणून सांगितलं, सेठजी. उघडून नाही पाहिलं."

सेठजींनी खुर्ची ओढली.

"अब?"

"एकेक फोल्डर वेगळं आणते, मग एकामागे एक जोडते. तोवर हा बंद नका करू."

सेठजींनी स्वतः बंद करायच्या बटणावर चिकटपट्टी लावली. रविता त्या जुन्या संगणकासमोर बसली. आतला पंखा घरघरला की दचकायची. मी घरून जेवणाचा डबा नेऊन दिला, तर ती झाकण उघडेना. आधी गिटमध्ये पहिल्या दिवाळीचा पहिला बदल दिसू द्या म्हणाली.