धुळीची ऊब

पडद्यावर आपल्या शेजारची सर्पिल दीर्घिका उमटली. तिच्यातले काळे पट्टे म्हणजे धूळ. ताऱ्यांच्या प्रकाशातून ती धूळ वेगळी काढण्यात माझी वर्षं गेली, पण ते चित्र दाखवायला व्यासपीठावर उभा होता माझा सहकारी, माझा मित्र सुहास.

कुणीतरी विचारलं, "धूळ इतकी नेमकी कशी टिपलीत?"

"रात्रीचा दिवस केला हो," तो हसला. मी पहिल्या रांगेतच होते. माझं नाव काही त्याच्या ओठांवर आलं नाही.

धूळ ताऱ्याचा प्रकाश गिळते आणि त्याच उबेवर स्वतः मंद उजळते. तारा मात्र लांबून फिका, लालसर, वयापेक्षा म्हातारा दिसतो.

टाळ्या थांबल्यावर सुहास खाली आला. चेहरा नुसता उजळला होता.

"कसं झालं गं?" त्याने विचारलं. "आणि तू अशी थकलेली काय दिसतेयस?"