व्याह्याच्या ताटातले सोडे

समुद्राकाठच्या गावात मासे खायला बसलो की मी बोलत नाही. बायकोला वाटतं, माझं लक्ष काट्यांत असतं. मी तिला तसंच वाटू देतो.

ऐंशी सालानंतरचा काळ. मी नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात लेथवर होतो. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकतेच निवृत्त झाले होते. थोरल्या भावाने रत्नागिरीत नोकरी धरली आणि तिथेच खानावळ चालवणाऱ्या बाईंच्या मुलीशी लग्न केलं, आम्हाला न विचारता. तेव्हापासून वडील त्याचं नाव काढत नव्हते. मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मांडवात थोरला भाऊ नसेल तर लोक काय म्हणतील, असं आई रोज म्हणू लागली. शेवटी वडील म्हणाले, एकदा जाऊन त्या लोकांच्या हातचं जेवतो, माणसं कशी आहेत बघतो, मग ठरवतो बोलवायचं की नाही.

आमच्याकडे आखाडात मटणाची जेवणं होतात आणि श्रावण लागला की महिनाभर बंद. म्हणून वडिलांनी आखाडच धरला. भावाने शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला की नारळी पौर्णिमेनंतर या. वडील भडकले. पौर्णिमा श्रावणात येते, तेव्हा आपण खात नाही, हे काय त्याला ठाऊक नाही? आपण येऊच नये म्हणून सांगतोय. मलाही तसंच वाटलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि मासेमारी बंद असते, हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे मासे म्हणजे धरणातले, नाहीतर बाजारातली सुकट.

एसट्या बदलत, भिजत पोचलो. खानावळ म्हणजे कौलारू घराची पुढची पडवी, तिच्यात चार-सहा बाकं. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. त्यांचाही राग होताच. मुलीच्या सासरचं कुणी इतक्या दिवसांत फिरकलं नव्हतं.

मागे विहिरीवर हात धुताना भाऊ माझ्याजवळ आला. म्हणाला, समुद्र बंद आहे, ताजं काही नाही. गिऱ्हाइकांसाठी पापलेट आहे, पण ते बर्फातलं, आपल्या माणसांना सासूबाई ते वाढत नाहीत. त्यांनी उन्हाळ्यात वाळवून जपून ठेवलेले सोडे काढलेत, मानाचं कुणी आलं तरच काढतात.

"अण्णांना हळूच सांग," तो म्हणाला. "माझं ते ऐकायचे नाहीत."

मी मान हलवली आणि आत येऊन बसलो. कधी सांगावं या विचारात असतानाच ताटं आली. तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि वाटीत कांद्याखोबऱ्यातले सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. शेजारच्या बाकावर कुठल्याशा ऑफिसातली मंडळी होती. त्यांच्यापुढे तळलेलं पापलेट, ताटात मावत नव्हतं एवढं.

वडिलांनी वाटी बोटाने बाजूला सारली. "गिऱ्हाइकाला पापलेट, अन् व्याह्याला सुकट," ते म्हणाले. "चल, ऊठ."

वहिनी भाकरी हातात धरून तशीच थांबली. सासऱ्याच्या तोंडून तिने ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

लेथवर दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं. त्यात मला वडिलांचा राग आला होता. "अण्णा, खाली बसा," मी म्हणालो. "ते पापलेट महिन्याभराचं आहे, बर्फातलं. शिळं. ते गिऱ्हाइकांना घालतात, घरच्यांना नाही."

शेजारच्या बाकावर एकाने घास ताटात परत ठेवला. "काय मावशी, खरं का?" त्याने विचारलं.

विहीणबाई खोटं बोलल्या नाहीत. बर्फातलं आहे, शिळं नाही, एवढंच म्हणाल्या. ती मंडळी उठली आणि हात धुऊन निघून गेली. रोज दुपारी तिथेच जेवणारी माणसं होती, हे मला नंतर भावाने सांगितलं.

विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गावात सगळे आत्ता बर्फातलंच वाढतात," त्या म्हणाल्या. "माझ्या पडवीत बसून मला बुडवायला नाशकातनं आलात होय?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते खाली बसले होते आणि वाटी पुढे ओढून सोडे खात होते. सगळे खाल्ले. मग वाटी पुढे करून, अजून आहे का, असं त्यांनी सुनेला विचारलं.

"संपले," वहिनी म्हणाली. पातेलं तिच्यामागेच होतं, आणि अर्धं भरलेलं दिसत होतं.

वडिलांनी तिथेच सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण केलं. माझ्या आठवणीत ते कुणापुढे एवढे नरम कधी झाले नव्हते.

"तुमच्या मांडवात आमचं काय काम?" विहीणबाई म्हणाल्या. "तिथे तुमचा हा धाकटा माईकवरून बोलेल."

लग्नाला भाऊ एकटा आला. त्याने अक्षता टाकल्या, नवऱ्या मुलाचा कान पिळला, बहिणीला जवळ घेतलं आणि पंगत बसायच्या आत स्टँडवर निघून गेला. वडिलांनी आपल्या शेजारचं पान त्याच्यासाठी धरून ठेवलं होतं. वाढपी त्या पानापाशी थांबायचे, वडील त्यांना पुढे जायला सांगायचे. भात आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "बस तू," म्हणाले.

मी बसलो, आणि पान संपेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.