आमच्या फ्लॅटमध्ये बसलेली कानबाई

जळगावच्या पिंप्राळ्यातला आमचा फ्लॅट तिघांच्या नावावर होता, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. धुळ्याचे भाऊ, पारोळ्याला दिलेली अक्का आणि साक्रीत नोकरी करणारा मी. भाडेकरू एक ड्रॉइंगमास्तर. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यामुळे एकटेच. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आला आणि नेमकी माझी बदली जळगावला झाली. आमच्या सौभाग्यवतींनी तर भांडी पोत्यांत भरूनही ठेवली!

"या वेळी करार वाढवायचा नाही," मी ठणकावून सांगितलं.

"मास्तर सरळ माणूस आहे रे. वाढवून टाकू," भाऊ म्हणाले.

राहिली अक्का. ती जिकडे, फ्लॅट तिकडे. ती म्हणाली, "आधी घर बघते, मग बोलते."

मुहूर्त सापडला तो श्रावणातला, कानबाईचा रविवार. (खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: त्या दिवशी नारळाला नाक-डोळे काढून, नथ घालून, लुगडं नेसवून देवी बसवतात आणि सगळे भाऊबंद गावी जमून रोट खातात.) त्या साली आमच्या भाऊबंदांत भांडण झालं आणि आमची कानबाई बसलीच नाही. अक्का सकाळपासून धास्तावलेली होती.

बिल्डिंगमधली माणसं आपापल्या गावी गेलेली. भरदुपारी आभाळ काळंभोर, त्यात वीज नाही. जिन्यात आमच्याच चपलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा ऐकू येत होता. प्रत्येक दाराला कुलूप. आमचं दार मात्र किलकिलं! मी बोट लावलं, तर ते आपलं आपण आत सरकलं.

"मास्तर?"

आत उदाचा धूर. कुठेतरी नळ ठिबकत होता, तोही माझ्या हाकेसरशी थांबला.

आणि कोपऱ्यात ती दिसली. चौरंगावर बसलेली. हिरवं लुगडं, भलीमोठी नथ, हळदीने पिवळाधमक चेहरा, कपाळभर कुंकू. आणि ते डोळे! पापणी हलत नव्हती. भाऊंनी माझा हात घट्ट धरला. (मी त्यांचा धरला होता, असं ते अजून सांगतात.)

"अगं बाई, कानबाई!" अक्का कुजबुजली. "मास्तरांनी डोळे काय काढलेत! जिवंत वाटतात."

"जरा जास्तच," मी म्हणालो. मी डावीकडे सरकलो, तर डोळेही डावीकडे आले. उजवीकडे गेलो, तर उजवीकडे. वा, काय कला! माझ्या मानेवर मात्र काटा आला होता.

अक्काने पदर पसरला. "माय, आमच्याकडे बसली नाहीस आणि इथे येऊन बसलीस! तुला उठवणारे आम्ही कोण? करार वाढवला, माय! शब्द देते!"

"अगं थांब, माझी भांडी..."

"आधी पाया पड!"

पडलो. कपाळ फरशीला टेकलं आणि डोक्यावर बांगड्या वाजल्या. हळूच वर पाहिलं, तर पदराखालून एक हात बाहेर येत होता. सावकाश. माझ्या डोक्याकडे!

भाऊ चपला टाकून जिन्याने खाली. मलाही पळायचं होतं, पण उठायला उशीर झाला. हात माझ्या डोक्यावर टेकला. मग कानबाई वाकली, बाजूचं पातेलं उचललं आणि त्यात पचकन थुंकली.

"कोन शेतस भाऊ तुम्ही?"

ती मास्तरांची सासू होती! नातू झाल्याची खबर घेऊन आलेली. शेजारच्या गल्लीत कानबाईसाठी सवाष्ण म्हणून बोलावणं होतं, म्हणून नटून मिश्री लावत बसलेली. मास्तर पेढे आणायला गेलेले आणि दारातून तीन अनोळखी माणसं आत!

"मना जीव गया ना! तोंडमा मिसरी, बोलू कशी?" मग नथ सावरून म्हणाली, "पन तुमनं बोलनं बठ्ठं आयकं मी. आते शबद फिरावू नका!"

"अक्का, ही देवी नाही!" मी ओरडलो.

"शब्द मी देवीलाच दिला ना? तो कसा फिरवू?"

"बरोबर आहे!" खालून भाऊंचा आवाज आला. वर यायला मात्र ते तयार नव्हते.

करार वाढला. पोत्यांतली भांडी घेऊन मी त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन खोल्यांसाठी गेलो. तिथला मालक म्हणाला, "अनोळखी माणसाला मी घर देत नाही. तुमच्याबद्दल कोण सांगेल?"

सांगितलं माझ्याच भाडेकरूच्या सासूने. जिन्यातूनच!

"द्या भाऊ त्याले घर. मानूस चांगला शे, लगेच पाया पडस!"